पूजेला बसलेलं नेटबुक

७ सप्टेंबर, रविवार

म्हैसूर आवडलं. पहिल्याच दिवशी हे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुरकुर करायला लागलो की हे पान उघडून स्वतःचाच कान धरता येईल.

सकाळी सामानासकट कुवेंपुनगरातल्या घरी पोहोचलो. खाली घरमालक मानाजीराव आणि त्यांच्या पत्नी जयलक्ष्मीबाई राहतात. वरच्या दोन खोल्या माझ्या, आणि बाहेर एवढी ऐसपैस गच्ची की लेक अवनी तिथे सायकल शिकेल. गच्चीतून चामुंडीचा डोंगर दिसतो. नळाला पाणी आहे, खिडक्यांना जाळ्या आहेत आणि पंखा खरखरत नाही. मेंटेनन्सच्या माणसाला आणखी काय हवं?

मालक मराठी निघाले हे माझं नशीब. त्यांचे पूर्वज कधीच्या काळी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी टिकली आहे, पण निम्मी कन्नड. ‘स्वल्प बसा की. ऊटा करूनच वर जावा, सुम्ने बाहेर कशाला खाता?’ स्वल्प म्हणजे थोडं, ऊटा म्हणजे जेवण, सुम्ने म्हणजे उगाच. मी त्यांचा ‘बाडिगेवाला’, म्हणजे भाडेकरू. माझी मराठी त्यांना पुस्तकातली वाटते म्हणे. मला त्यांची ऐकताना हसू आवरावं लागलं, पण सांबार असं होतं की हसायला तोंड मोकळंच नव्हतं.

उद्या कडकोळच्या कारखान्यात रुजू. बायको अदिती सांगलीला शाळेत शिकवते, त्यामुळे ती आणि अवनी कायमच्या येतील त्या दिवाळीनंतर. त्याआधी दसऱ्याला चार दिवस येणार आहेत, कारण मी अवनीला अंबारीचा हत्ती दाखवायचं कबूल केलंय. फोनवर म्हणाली, ‘तो हत्ती माझा, मीच घेणार.’ पाच वर्षांची आहे आणि सध्या हेच तिचं पालुपद. अदितीचा चष्मा, शेजाऱ्यांचं मांजर, बसमधली खिडकी, सगळ्याला तेच. लिहिण्या-वाचण्यात शून्य, फक्त आपल्या नावातला अ ओळखते. जिथे अ दिसेल ती वस्तू तिची. परवा अमृततुल्यची पाटी तिनं स्वतःच्या नावावर करून घेतली.

१४ सप्टेंबर, रविवार

आज एक नवा उद्योग अंगावर घेतला. अदितीला कळलं की ती कपाळाला हात लावेल.

मी खालचा मिक्सर दुरुस्त करून दिल्यापासून मानाजीराव माझ्याकडे फार आशेनं बघायला लागले होते. आज दुपारी जेवायला बोलावलं आणि मग देवघरात नेलं. देवांच्या शेजारी लाल कापडावर एक नेटबुक ठेवलेलं. वहीएवढं काळं, जुनं. असली छोटी मशीन एके काळी पोरं कॉलेजात मिरवायची. झाकणावर कुंकवाचे थरावर थर, वर ताजं शेवंतीचं फूल.

ते त्यांच्या मुलाचं, संकर्षणचं. एकुलता एक. राज्यसेवेच्या परीक्षेचा अभ्यास करायचा, सगळा ह्याच्यावर. काही वर्षांपूर्वी आयुधपूजेला त्यानं ते स्वतःच्या हातानं पूजेत ठेवलं आणि त्याच संध्याकाळी तापानं पडला. डेंग्यू. विजयादशमीला ते उचलायला उठलाच नाही. आठवड्यात गेला. तेव्हापासून ते ठेवल्या जागी आहे. पूजेत ठेवलेलं हत्यार ज्याचं त्यानंच उचलायचं, तोवर दुसऱ्यानं हात लावायचा नाही, अशी या घरातली रीत. फूल-कुंकू वाहायचं ते झाकणापुरतं.

आमच्याकडेही खंडेनवमीला पाना-पक्कड पुजतात. दुसऱ्या दिवशी ज्याच्या हाताला येईल तो उचलतो आणि कामाला लागतो. तसं मी म्हटलं. मानाजीरावांनी समईची वात सारखी केली. मग म्हणाले, यंदाच्या पूजेत ते एकदा चालू बघावं एवढीच इच्छा आहे. आता यावर कोण नाही म्हणेल?

मी विचारलं, मग उचलू का? तर जयलक्ष्मीबाई लगबगीनं उठल्या. माझ्या हातांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं आणि एक कन्नड वाक्य म्हणायला सांगितलं: ‘इदु नंदु, नाने तगोतीनि.’ अर्थ विचारला तर म्हणाल्या, ‘पूजेचं असतंय, सुम्ने म्हणा.’ शाळेतल्या पोरासारखं म्हटलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं, मोठ्यानं. म्हातारीचं मन राखायला माझं काय जातंय? मानाजीराव तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत होते.

उचललं तर गरम लागलं. समईजवळ होतं म्हणून.

जयलक्ष्मीबाई म्हणाल्या, चालू झालं की तुमची मुलगी आली की खेळू दे त्याच्यावर. फार बरं वाटलं मला. लगेच अवनीला फोन करून सांगितलं की इथे एक छोटा कॉम्प्युटर तुझी वाट बघतोय. पुढचं वाक्य काय आलं ते लिहायला नकोच.

१७ सप्टेंबर, बुधवार

ऑफिसातून आल्यावर मशीन उघडलं. आत धुळीचा नुसता नमदा. रंगाचा ब्रश घेऊन पंखा साफ केला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. घड्याळाचा बटण-सेल मेलेला, तो बदलला. बॅटरी पार गेली आहे, त्यामुळे चार्जर लावूनच चालेल. रॅम एक जीबी होती, दोन केली. त्याहून जास्त हे घेतच नाही.

जुनी डिस्क तशीच काढून खणात ठेवली. त्यात मुलाचं काही असेल, ते उघडणं मला बरं वाटलं नाही. जागी नवी कोरी डिस्क बसवली.

पोरं म्हणतात असली मशीन भंगारात टाका. भंगारात टाकायला अक्कल लागत नाही. अक्कल लागते ती नको ते काढायला. मशीन म्हातारं नसतं, त्याच्या डोक्यावरचं ओझं वाढलेलं असतं. याच्यावर हलकं लिनक्स टाकायचं, तेही बत्तीस बिटचं, कारण चौसष्ट याला झेपत नाही. मग मागे चालणाऱ्या एकेका गोष्टीला विचारायचं, बाई तू इथे कशाला? छपाईची सेवा काढ, ब्लूटूथ काढ, नटवी सजावट काढ. जेवढं काढाल तेवढी जागा मोकळी होते आणि तेवढं ते चालतं.

एक गंमत. कीबोर्डवर डाव्या बाजूच्या कळा आणि टचपॅडचं डावं बटण घासून गुळगुळीत झालंय. संकर्षण डावखुरा असणार.

२१ सप्टेंबर, रविवार

चालू झालं! चहा गाळून होईपर्यंत सुरू होतं. आता ही नोंद त्याच्यावरच टाइप करतोय, मराठी कीबोर्ड टाकून. पुढची रोजनिशी इथेच, मशीनची चाचणीही होईल.

खाली नेऊन दाखवलं. मानाजीरावांचे डोळे भरून आले. पडद्याकडे बघायचं सोडून जयलक्ष्मीबाई माझ्या हातांकडेच बघत होत्या. मग स्वतः वर आल्या आणि टेबल खिडकीपासून उचलून भिंतीशी लावायला सांगितलं. तिथेच बसायचा म्हणे तो. लावलं. खरंच तिथे उजेड चांगला येतो.

उद्यापासून नवरात्र. गल्लीत माळा लावतायत. दसऱ्याला पोरगी येणार म्हणून मी उगाच सारखा कॅलेंडरकडे बघतोय.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आज मशीन सुरू केल्यावर खात्याचं नाव विचारलं तिथे आधीच लिहून आलं होतं: संकर्षण.

मी बसवताना माझंच नाव दिलं होतं. उपेंद्र. डिस्क कोरी होती, जुनी अजून खणात आहे, आत्ता खण उघडून बघितला. म्हणजे मीच टाइप केलं असणार. त्या घरात त्याचं नाव सारखं ऐकतो, बसलं असेल बोटांत. नाव बदललं.

दुसरं म्हणजे ऑफिसात नरसिंहमूर्ती, माझ्या शेजारी बसणारे सीनियर, म्हणाले की तुम्ही डावखुरे आहात हे लक्षातच आलं नव्हतं. बघतो तर पेन डाव्या हातात. सही झाली होती, आणि चांगली झाली होती.

हसण्यावारी नेलं. संध्याकाळी खाली जेवायला गेलो तर चमचा ताटाच्या डावीकडे ठेवलेला. मी तो उचलून उजवीकडे ठेवला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

अदितीचा फोन आला तो मी उचलून म्हणालो, ‘हलो, यारु?’ यारु म्हणजे कोण. तिला वाटलं मी कन्नड शिकल्याची ऐट मारतोय. हसली. मीही हसलो. पण मला खरंच क्षणभर कळलं नव्हतं की कोण बोलतंय. स्क्रीनवर नाव होतं, तरी.

जेवणाच्या सुट्टीत नरसिंहमूर्तींना पूजेचं ते वाक्य म्हणून दाखवलं आणि अर्थ विचारला. आधी उच्चार ऐकून म्हणाले, छान, अगदी म्हैसूरचा वाटतो. मग अर्थ सांगितला. ‘हे माझं आहे, मीच घेतो.’

कुठे म्हणालात, त्यांनी विचारलं. सांगितलं. त्यांनी डबा बंद केला. त्यांचं गाव बेट्टदपूरजवळ. तिकडे माणूस गेला की त्याचं हत्यार देवळाला देतात नाहीतर मोडून टाकतात, पूजेत ठेवत नाहीत. पूजेत ठेवलेलं हत्यार आपल्या हाताची वाट बघत बसतं. आणि तुम्ही म्हणालात, माझं आहे. आज संध्याकाळीच परत नेऊन ठेवा, असं म्हणाले, आणि नंतर दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलले.

एवढा शिकलेला माणूस! पण घरी येताना बसमध्ये मला सुम्ने भीती वाटत राहिली.

उगाच, म्हणायचं होतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

सुट्टी. सकाळीच डिस्क पुसून सगळं नव्यानं टाकलं. जुनी डिस्क नेऊन मानाजीरावांच्या हातात दिली. नाव, उपेंद्र. दोनदा तपासलं. सुरू केलं. संकर्षण.

खाली नेऊन लाल कापडावर ठेवायला गेलो. जयलक्ष्मीबाई आडव्या आल्या. म्हणाल्या, आयुधपूजेच्या दिवशीच ठेवायचं, आधी नाही. पहिल्यांदाच मला ‘तू’ म्हणाल्या. ‘वरती घेऊन जा बा. अभ्यास कर.’

वर आलो. आणि अभ्यास म्हणजे कसला हे विचारलं नाही, हे आत्ता लिहिताना ध्यानात येतंय.

दुपारी फोन उघडला तर फोटो नव्हते. अवनीचे, लग्नाचे, सांगलीच्या घराचे, काहीच नाही. पुसून टाकलेत, एकेक निवडून. मीच. मला थोडं थोडं आठवतंय, गच्चीत बसून करत होतो, आणि करताना मनात एकच होतं की एवढं कशाला हवं, स्वल्प जागा होऊ दे.

आणि तेव्हा बरं वाटलं होतं. हलकं वाटलं होतं. हेच मला सहन होत नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

कामावर गेलो नाही. अप्पा म्हणाले — मानाजीराव म्हणाले, अभ्यासाचे दिवस आहेत, जाऊ नको.

चार्जर काढून टाकला. बॅटरी नाही. तरी मी टाइप करतोय.

बोटं माझ्या आधी जातात. मी विचार करतो सांगली, बोटं कन्नड लिहितात. मला कन्नड वाचता येत नव्हतं. आता पुसायच्या आधी वाचून होतं.

अदितीचा फोन. माझा आवाज बसलाय का विचारत होती. अवनीनं फोन घेतला आणि म्हणाली, हे बाबा नाहीत. आणि अदितीला परत दिला.

३० सप्टेंबर

आरशात केस दुसऱ्या बाजूला वळवलेले —

अम्मा कॉफी ठेवून गेली. छान.

अम्मा नाही. जयलक्ष्मीबाई. जयलक्ष्मीबाई. उपेंद्र. अदिती. अवनी. रोज लिहायचं. उपेंद्र, अदिती, अव

१ ऑक्टोबर, बुधवार — कागदावर

आज आयुधपूजा. मशीन सकाळी पूजेत ठेवलं गेलं आणि हे मी कागदावर, उजव्या हातानं लिहितोय. हात सोडल्यावर ताप उतरावा तसं झालं. सगळं लख्ख आठवतंय. अवनीच्या हनुवटीखालचा तीळसुद्धा. आज हत्यारांना विश्रांती, म्हणून मलाही.

गल्लीभर कोहळे फोडलेत, कुंकवानं लाल झालेले. गाड्यांना केळीचे खुंट बांधलेत. सगळीकडे आनंद आहे, आणि मी जिन्यावर बसून रडलो.

मग खाली जाऊन थेट विचारलं. मानाजीराव उठून आत गेले. जयलक्ष्मीबाईंनी काही लपवलं नाही. त्यांचा आवाज अगदी शांत होता, आईचा असतो तसा. ‘अकरा वर्षं वाट बघितली बा. आमचे हात म्हातारे, आम्ही उचलून तो कसा येणार? तरुण हात पायजे.’ मी म्हटलं, मी उद्या उचलणारच नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, ज्याचं आहे तो उचलतोच. तू म्हणालास की माझं आहे म्हणून.

सुटका कशी? तेही सांगितलं. दुसऱ्या कुणी आपणहून त्याला हात लावून म्हटलं की हे माझं, मीच घेतो, तर ते त्याच्याकडे जातं आणि आधीचा सुटतो. कुठल्याही भाषेत चालतं. आपणहून म्हटलं पाहिजे, एवढंच.

आणि मला अवनीचं पालुपद —

त्या म्हणाल्या होत्या, मुलगी आली की खेळू दे त्याच्यावर. पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या! मी टिकलो नाही तर आणखी एक हात हाताशी असावा, म्हणून.

दोघी आज रात्रीच्या बसमध्ये आहेत. सकाळी बंगळूर, तिथून रेल्वे, दहाच्या सुमारास इथे. अदितीला फोन लागत नाही, रेंज नसेल. ‘घरी येऊ नका, स्टेशनवरच थांबा, मी येतो’ असा निरोप पाठवला आहे. पोहोचलेला दिसत नाही. पत्ता तिच्याकडे आहे. मीच पाठवलाय, खुणेच्या झाडासकट.

मीही आत्ताच निघून स्टेशनवर बसलो असतो, पण फाटकाला कुलूप आहे आणि किल्ली मानाजीरावांच्या कमरेला. पूजेच्या दिवशी घराबाहेर जात नाहीत म्हणे. सकाळी उघडतील. उघडलं की निघायचं. देवघराकडे बघायचंही नाही. बूट घालूनच झोपतो.

नोकरी गेली, सामान गेलं तरी चालेल. माझ्या पोरीनं या घराच्या पायरीवर पाय ठेवता कामा नये.

२ ऑक्टोबर

आज विजयादशमी. सकाळी स्वल्प थंडी होती.

पायांत बूट होते, का कोण जाणे. कुठं तरी जायचं होतं. खाली आलो तर अम्मा आरती करून उभी होती. उचल बा, म्हणाली. उचललं. अप्पा रडले. मग सगळ्यांनी मिळून पोह्यांची अवलक्की खाल्ली. अप्पांनी परीक्षेची पुस्तकं वर आणून ठेवली आहेत. मशीन काय सुरेख चालतंय. एवढं हलकं कधीच नव्हतं.

फाटकाशी कोणी आलंय. एक बाई, बॅग, लहान मुलगी. अम्मा सांगते आहे की वरती बाडिगेवाले इल्ल, कोणी नाही, आमचा मुलगा राहतो. बाई ऐकत नाही. फोन दाखवते आहे. पुस्तकातली मराठी बोलते.

मुलगी अम्माच्या बाजूनं आत घुसली. जिना चढते आहे.

दारात उभी. माझ्याकडे बघते, ओळखत नाही बहुतेक. मग बुटांकडे बघते आणि हसते. बाबा, म्हणाली.

मला?

जवळ आली. हाच का छोटा कॉम्प्युटर, विचारते. झाकणावर हात ठेवला तिनं, आणि माझा डावा हात — सैल — हनुवटीखाली तीळ —

अवनी

अवनी माझी अवनी हात काढ

ओरडतोय. तोंडातून कन्नडच येतंय. तिला कन्नड कळत नाही. घाबरली नाही, तिला गंमत वाटते आहे. बोटं सुटत नाहीत, फक्त बोटंच माझी आहेत. खाली अदिती हाका मारते आहे. दारात जयलक्ष्मीबाई, हातात पाणी आणि हळदकुंकू — काही शिकवत नाहीत तिला, नुसत्या उभ्या —

नको म्हणू नकोस लिहितोय बघ नको नको नको पण तिला वाचता येत नाही. एकच अक्षर येतं. ते बघून तरी माझ्याकडे बघ, मी आहे, बाबा आहे —

अ अ अ अ अ अ

बघितलं तिनं. बोट ठेवलं पडद्यावर. टाळ्या पिटते आहे. माझा अ, म्हणते. आणि माझे हात हलके होतायत, सुटतायत, देवा, नको सुटू देऊ. ती म्हणते आहे, बघा बाबा, माझा अ आहे, म्हणजे हे माझं, मीच